भात्यातला उजेड

“बाराच्या बारा, अंकल,” असं म्हणत वासुगीने काउंटरच्या काचेवर फोटो मांडायला सुरुवात केली. चौकोनी, काळेपांढरे फोटो. पत्ते लावावेत तसे तिने ते तीन ओळींत लावले. प्रत्येक फोटोत उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून एक पांढरा पट्टा निघाला होता आणि तिरका उतरत मधोमध येऊन विरला होता.

खोर बून लियाँगने चष्मा कपाळावर चढवला आणि एक फोटो उचलून नाकाजवळ नेला.

“फिल्म कुठे भरलीस?”

“घरात.”

“खिडकीपाशी?”

“नाही हो. सावलीत भर असं तुम्हीच सांगितलं होतंत. बाथरूमचं दार लोटून भरली.”

“मग कॅमेऱ्याच्या पाठीवरची लाल खिडकी उघडी राहिली असेल. आकडा बघून झाला की झाकण सरकवायचं असतं.”

“सरकवलं होतं, अंकल. दर वेळेला.”

“तुम्हा मुलांना घाई फार. मोबाइलची सवय. हे यंत्र घाई सहन करत नाही.”

 तिने पिशवीतून कॅमेरा काढून फोटोंच्या शेजारी ठेवला. तिच्या आजोबांचा, जर्मन बनावटीचा, मिटला की जाडजूड पाकिटाएवढा. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडायचं आणि काळ्या घड्यांच्या भात्यावर बसलेली लेन्स खटकन बाहेर यायची. दोन महिन्यांपूर्वी ती तो घेऊन आली तेव्हा लेन्सची कडी जुन्या ग्रीसने दगडासारखी घट्ट झाली होती. खोरने ती गरम करून, पेट्रोलचे थेंब सोडून सोडून मोकळी केली, शटरची पाती धुतली आणि भाता तपासून दिला.

“भाता धड आहे असं म्हणाला होतात तुम्ही,” ती म्हणाली.

“आहेच.”

“परत एकदा बघता?”

जिन्याखाली एक कोठी होती. खोर कॅमेरा घेऊन आत गेला. कॅमेऱ्याची पाठ उघडून त्याने वायरला लावलेला बारका दिवा भात्याच्या आत सोडला, उघड्या पाठीवर काळं फडकं गुंडाळलं, दार लावून घेतलं आणि कोठीतला दिवा घालवला. भात्याला टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक असलं, तरी आतला उजेड तिथून बाहेर येतो. डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्याने तो एकेक घडी बघत गेला. एक्केचाळीस वर्षं तो असंच बघत आला होता. सगळा मिट्ट काळोख. तो बाहेर आला.

“एकही भोक नाही.”

वासुगीने फोटो गोळा केले. ते पाकिटात घालताना तिने मान वर केली नाही.

“आईचे आहेत,” ती म्हणाली. “किमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काढले. गुडघ्यापर्यंत केस होते तिचे. आता नाहीत. रोज विचारते, फोटो आले का. मी सांगते, धुवायला दिलेत.” तिने पाकीट पिशवीत टाकलं. “माझंच काहीतरी चुकलं असेल मग. कॅमेरा राहू दे तुमच्याकडे. मला नको आता.”

एक फोटो काचेवर तसाच राहिला होता. तो उचलून खोर तिला हाक मारणार, तोवर ती पुढच्या व्हरांड्यातून उतरून किंबर्ली रस्त्यावरच्या गर्दीत शिरली होती. त्याने हाक मारली नाही. खरं तर ती गेल्याचं त्याला बरंच वाटलं.

कारण बोलतानाच त्याला कळत होतं की आपण खोटं बोलतो आहोत. फिल्म उन्हात भरली तर फिल्मच्या कडा जळतात. लाल खिडकी उघडी राहिली तर गोल डाग पडतो. बाराही फोटोंत एकाच जागेवरून निघणारा पट्टा म्हणजे भात्याला भोक. पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट. त्याने फोटो पुन्हा समोर धरला. घराच्या पायरीवर बसलेली बाई, पाठमोरी, मान किंचित वळवलेली, हातात लाकडी फणी. मोकळे केस पायरीवर पसरलेले. आणि कुणी चुना सांडावा तसा केसांवरून गेलेला तो पट्टा.

म्हणजे भोक होतं. आणि ते त्याला दोनदा दिसलं नव्हतं.

 गेल्या वर्षभरातल्या बारीकसारीक गोष्टी एकापाठोपाठ एक समोर येऊन उभ्या राहिल्या. स्क्रूची खाच सापडेना म्हणून त्याने टेबलावरचा दिवा बदलला होता. मग डोळ्याला लावायचं भिंगच जुनं झालं म्हणून नवं आणलं. मग नव्या भिंगाला शिव्या घातल्या. जमिनीवरच्या फरशीची सांध एका जागी वाकडी दिसायची, तेव्हा घर जुनं आहे, जमीन खचली असेल, असं त्याने बायकोला, गेक सिमला, सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “कुठे खचलीय? सरळ तर आहे.”

तो परत कोठीत गेला.

या वेळी त्याने दार नीट लावलं नव्हतं. दिवा आत, फडकं गुंडाळलेलं, तो वाकून बघत होता, तेवढ्यात दार ढकलून गेक सिम आत डोकावली. तिच्या हाताला तांदळाचं पीठ लागलेलं होतं. सकाळी शेजारच्या कॉफीच्या दुकानाला ती वाफवलेल्या वड्या पुरवायची आणि दुपारी उद्याची तयारी करायची.

“नारळ संपलाय, जरा... बाप रे! हा कुणाचा? पार चाळण झालीय की याची.”

“कुठे?”

“कुठे काय? हे काय, तुझ्या नाकासमोर. एक, दोन, तीन. आणि हे घडीच्या टोकाशी मोठं.”

खोरने डावा डोळा उघडला. काळ्या भात्यावर चार पिवळे ठिपके लखलखत होते. त्याने डावा डोळा मिटला. ठिपके गेले. नजर जरा बाजूला नेली तर कडेला एक लुकलुकला. त्याच्याकडे सरळ बघायला गेलं की तो विझला. पुन्हा नजर बाजूला नेली. पुन्हा आला. पुन्हा बघितलं. गेला.

“दिसले का?” गेक सिमने विचारलं.

“दिसले. मगाशीच दिसले होते,” तो म्हणाला आणि त्याने कोठीतला दिवा लावला. 

नऊ दिवस तो डोळ्याबद्दल कुणाशी काही बोलला नाही. दुकान वेळेवर उघडायचा. कुणी कॅमेरा आणला तर “महिनाभर जमणार नाही” म्हणून परत पाठवायचा. वासुगीच्या कॅमेऱ्याची भोकं त्याने डाव्या डोळ्याने बघून, काळं रबरी रसायन सुईच्या टोकाने लावून बुजवली. पण डाव्या डोळ्याला काम माहीत नव्हतं. टोक आधी टेकायचं आणि मग कळायचं की टेकलं. रस्त्याने जाताना तो उजवा डोळा झाकून बघायचा, मग डावा झाकून. दुकानांच्या पाट्या, समोरून येणारी मोटारसायकल, विजेचे खांब. खांब मध्येच मोडल्यासारखे दिसायचे. आज कालच्यापेक्षा जास्त मोडलाय का? दिवसातून वीसदा तो हे करायचा.

त्याला बाप आठवत होता. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, याच दुकानात. त्याचे दोन्ही डोळे गेले आणि पुढची अकरा वर्षं तो दारापाशी वेताच्या खुर्चीवर बसून होता. आलेगेले म्हणायचे, “काका, पाय जरा आत घ्या.” खुर्ची आधी दारात होती, मग दाराच्या बाजूला गेली, मग जिन्यापाशी, मग मागच्या पडवीत. ती एकेक हात मागे सरकवणारा खोर स्वतःच होता. बापाला संडासला नेताना आपण किती ओढून न्यायचो, हे आता त्याला झोपेतून उठल्यासारखं आठवायचं.

दहाव्या दिवशी दुपारी जेवताना गेक सिमने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“डावा डोळा झाक आणि माझ्याकडे बघ.”

“जेवू दे ना.”

“परवापासून तू माशाचे काटे हाताने चाचपतोयस. तांदळात खडे मिसळावेत तसं खोटं बोलतोयस माझ्याशी. झाक डोळा.”

त्याने झाकला. समोर बायको बसली होती. तिचे पांढरे होत आलेले केस होते. दोन्ही कान होते, कानातले हिरवे खडे होते, ब्लाउजची कॉलर होती. मध्ये चेहरा नव्हता. ओल्या बोटाने पुसून टाकावा तसा राखाडी गोळा होता, आणि तो गोळा त्याच्याशी बोलत होता.

“काय दिसतंय?”

“तू.”

“मी कशी दिसतेय ते सांग.”

 “कान दिसतायत,” तो म्हणाला.

गेक सिम हसली. “चाळीस वर्षांत कधी कानांकडे बघितलं नाहीस आणि आज...” मग ती हसायची थांबली. ती थांबली हेसुद्धा त्याला फक्त आवाजावरून कळलं. टेबलावरून हात पुढे करून तिने त्याचं मनगट धरलं. 

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रक्त झिरपलं होतं. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही, त्या म्हणाल्या. पण आहे ती राखायची तर इंजेक्शनं घ्यावी लागतील. दर महिन्याला एक. डावा डोळा सध्या बरा आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

“इंजेक्शन दंडात?” खोरने विचारलं.

“डोळ्यात.”

खोरने गेक सिमकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

“जागा असताना?”

“थेंब घालून डोळा बधिर करतो, अंकल. मंगळवारी या. उशीर नको.”

 बसमधून उतरल्यावर खोर म्हणाला, “मंगळवारच्या आधी त्या मुलीकडे जाऊन यायला पाहिजे.”

“फोन कर की.”

“फोनवर नाही सांगता येणार.”

“मी येऊ?”

“नको,” तो म्हणाला, आणि जरा वेळाने, “बसपर्यंत ये.”

वासुगीचं घर आयेर इतामला, डोंगराच्या पायथ्याशी, बैठ्या घरांच्या रांगेत होतं. रविवारी सकाळी तो पोचला तेव्हा तीच पायरी समोर आली, फोटोतली. पायरीवर एक बाई बसून शेंगा सोलत होती. डोक्याला फुलाफुलांचं सुती फडकं बांधलेलं, भुवया नाहीत, मनगटं काड्यांसारखी बारीक.

“कोण पाहिजे?”

“वासुगी आहे? मी खोर. कॅमेरेवाला.”

“अगो, दुकानाचे मालक, तौके स्वतः आले!” बाई मोठ्याने म्हणाली. “वासू! तुझे फोटो आले बघ!”

वासुगी आतून धावत आली आणि दारातच थबकली. डोळ्यांनी ती त्याला ‘बोलू नका’ म्हणत होती. खोरला ते दिसलं. एक डोळा तेवढं बघू शकत होता.

त्याला पळून जावंसं वाटलं. कॅमेरा दुरुस्त झालाय, तो द्यायला आलो, एवढं म्हणून परत फिरता आलं असतं. बस अजून वळणावर उभी होती, तिच्या इंजिनाचा आवाज येत होता.

“भात्याला चार भोकं होती,” तो म्हणाला. “मी तपासून धड आहे म्हटलं, पण ती मला दिसली नाहीत. माझा उजवा डोळा गेलाय. तुझी चूक काही नव्हती. तू आलीस तेव्हाही मला कळलं होतं, आणि तरी मी तुझ्यावर ढकललं.”

वासुगी पायरी उतरून त्याच्यासमोर आली. मग म्हणाली, “दोन आठवडे झाले, अंकल. दोन आठवडे मी झोपले नाहीये. मीच घालवले ते फोटो, असं वाटून. परत काढता येणार आहेत का ते?”

“नाही.”

“मग आता येऊन काय उपयोग?”

 तो उन्हात उभा राहिला.

“थांब,” आई म्हणाली. तिने शेंगांची टोपली बाजूला ठेवली. “कसले घालवले? म्हणजे फोटो आलेत? वासू?”

“अम्मा, ते खराब झालेत. म्हणून नाही दाखवले.”

“आण.”

“अम्मा...”

“आण म्हणते ना.”

वासुगीने पाकीट आणून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि खोरने दुकानात राहिलेला बारावा फोटो खिशातून काढून त्यावर ठेवला. वासुगीच्या आईने, सेल्लम्माने, हात पदराला पुसले आणि एकेक फोटो बघू लागली. घाई नव्हती तिला. पट्ट्याच्या बाजूने अंगठा फिरवायची, पुढचा घ्यायची.  मग फोटो गुडघ्यावर ठेवून तिने एक लांब श्वास सोडला.

“एवढंच?”

“म्हणजे?”

“मला वाटलं, फोटोत मी मेल्यासारखी दिसत असेन. म्हणून ही दाखवत नाही. रोज विचारायचे तुला, आणि तू तोंड फिरवायचीस. मी म्हटलं, झालं, हिला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि फोटोतही ते दिसतंय.” ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे फडक्याच्या टोकाने पुसले. “अगं मुली, मी रात्र रात्र देवाशी भांडत बसले होते. आणि होतं काय, तर भोक!”

वासुगी तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. खोरने नजर रस्त्याकडे वळवली. बस निघून गेली होती.

“बसा तौके. उन्हात काय उभे,” सेल्लम्मा म्हणाली. “डोळ्याचं काय म्हणाले?”

“सुई. मंगळवारी. डोळ्यात.”

“आई गं!” ती शहारली. “माझ्या हाताला टोचतात तर मी नर्सला शिव्या देते. तुम्ही काय करणार?”

“माहीत नाही. हलायचं नाही म्हणतात.”

“घाबरलात?”

खोरने आजवर हा प्रश्न कुणाला विचारू दिला नव्हता, बायकोलाही. “झोप लागत नाही,” तो म्हणाला. “सुई समोरून येताना दिसेल असं वाटतं.”

“ज्या डोळ्याला दिसत नाही त्याच डोळ्यात ना?”

“हो.”

“मग दिसेल कशाने?” ती म्हणाली, आणि तिघंही हसली, वासुगी सगळ्यात शेवटी.

वासुगीने चहा आणला, दाट, दुधाचा. खोरने कॅमेरा तिच्या हातात दिला. भोकं बुजवली आहेत, पण डाव्या डोळ्याने बुजवली आहेत, तेव्हा स्वतः एकदा अंधारात दिवा घालून बघ, असं सांगून कसं बघायचं तेही दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मनातून तिने माफ केलं होतं की नाही, ते कळत नव्हतं. निघताना ती बसथांब्यापर्यंत आली, रस्ता ओलांडताना तिने त्याच्या उजव्या बाजूला चालायला सुरुवात केली.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने वही काढली. गेल्या वर्षभरात भाते तपासून दिलेले नऊ कॅमेरे होते. गेक सिमने नंबर वाचून दाखवले आणि त्याने नऊही जणांना फोन केले. एक शाळामास्तर दुसऱ्या दिवशी पहाटे बोर्नियोच्या डोंगरावर निघणार होता. तो आधी चिडला, मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.” एकाने शिवी दिली. एकाने फोन उचललाच नाही. त्याला खोरने तीनदा लावला.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात बारीक अक्षरांचा कागद भरायचा होता. तो गेक सिमने भरला. ‘व्यवसाय’ या ओळीपाशी तिचं पेन थांबलं, त्याच्याकडे न बघताच तिने लिहिलं आणि कागद खिडकीत सरकवला. काय लिहिलं ते त्याने विचारलं नाही.

नर्सने काळ्या पेनने त्याच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, बाण काढला आणि डोळ्यात थेंब घातले. मग आतल्या बाकावर बसायला सांगितलं. गेक सिमला तिथून पुढे येता येत नव्हतं. तिने त्याचा चष्मा आपल्या पर्समध्ये ठेवला.

बाकावर आधीच चार म्हातारी माणसं होती. एक मलय बाई माळ ओढत होती, दोन चिनी बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, आणि कडेला एक तमिळ म्हातारा, पांढरी लुंगी नेसलेला. सगळ्यांच्या कपाळांवर बाण होते, कुणाचा डाव्या डोळ्याकडे, कुणाचा उजव्या. खोर म्हाताऱ्याच्या शेजारी बसला. दार उघडायचं, एक नाव पुकारलं जायचं, दार बंद व्हायचं. आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि आवाज न येणंच वाईट होतं.

“पहिल्यांदा?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हो. तुमची कितवी?”

“सातवी.”

“दुखतं?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट वळून बघितलं. “काय ऐकायचंय ते सांगा, तसं सांगतो.”

खोर काही बोलणार तोच दार उघडलं.

“खोर बून लियाँग.”

 म्हाताऱ्याने जागा करून दिल्यासारखे आपले गुडघे बाजूला घेतले. खोर उठला. त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपून लावलं, केसांवरून हात फिरवला आणि आत गेला.